गोल अडवणारा माणूस पोरांना काय शिकवतो?

प्रश्न : आमच्या शाळेचा संघ यंदा तालुक्याच्या फुटबॉल स्पर्धेत खेळला. सातवीतला एक मुलगा बॅकला खेळतो. तो गोल करत नाही, म्हणून त्याचं नावही कुणी घेत नाही. 'बॅकला खेळून याचं पुढे काय होणार?' असं त्याच्या वडिलांनी मला विचारलं, आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. टीव्हीवर मात्र प्रशिक्षकांची ओळख करून देताना 'माजी बचावपटू' असं वरचेवर ऐकू येतं. आयुष्यभर गोल अडवलेला माणूस पोरांना शिकवायला कसा काय वळतो? आपल्याकडचं उदाहरण आहे का? आणि हो, आमच्याकडे बॅकला उत्तम खेळणारी एक मुलगीही आहे. तिच्याबद्दलही सांगा.
— एक शिक्षिका, नामपूर (ता. बागलाण, जि. नाशिक)

उत्तर : बाई, त्या वडिलांना सांगायला आधी एक नाव देतो. महेश गवळी.

४ जुलै २०२३. बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, सॅफ करंडकाचा अंतिम सामना, समोर कुवेत. भारताचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना स्पर्धेत लाल कार्डं मिळाली होती, त्यामुळे त्यांना मैदानाच्या कडेला उभं राहायला बंदी होती. संघ सांभाळत होते सहायक प्रशिक्षक गवळी. कुवेतने चौदाव्या मिनिटालाच गोल चढवला. भारताच्या छांगटेने मध्यंतराआधी बरोबरी साधली, आणि मग जादा वेळ संपला तरी १-१ च. शेवटी पेनल्टींवर ५-४. गुरप्रीत सिंग संधूने निर्णायक फटका अडवला आणि भारताने नवव्यांदा सॅफ करंडक घेतला. तीन दिवस आधी लेबननविरुद्धची उपांत्य लढतही गवळींनीच बाकावरून हाताळली होती. ती गोलशून्य राहिली आणि तीही पेनल्टींवरच जिंकली. म्हणजे बाद फेरीचे दोन सामने, दोन्ही जादा वेळेपर्यंत ताणलेले, २४० मिनिटं, आणि भारतावर गोल झाला फक्त एक. बाकावर एक जुना स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, उभा होता, हे मला यात महत्त्वाचं वाटतं. ज्यांच्या जागी ते उभे होते ते स्टिमाचही स्टॉपरच. १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या बचावफळीत ते होते.

गवळी गोव्याचे. घडले जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत. ही अकादमी १९८७ साली सुरू झाली आणि पोरांना राहायला, शिकायला, खेळायला एका जागी ठेवून फुटबॉलपटू घडवण्याचं काम आपल्याकडे तिने पद्धतशीरपणे केलं. पुढे चर्चिल ब्रदर्स, मग कोलकात्याचा ईस्ट बंगाल. २००३ साली जाकार्तात ईस्ट बंगालने आसियान क्लब स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी टेरो सासाना संघाला ३-१ हरवलं. भारतीय क्लबने परदेशात मिळवलेल्या मोठ्या विजयांत तो आजही वरच्या रांगेत आहे. लोकांच्या लक्षात राहिले ते भुतिया, ओकोरो आणि आल्विटो, कारण त्या तिघांनी गोल केले. मागे गवळी होते. तुमच्या सातवीतल्या मुलाबद्दलची तक्रार तिथेही तशीच लागू होती.

नंतर ते गोव्याला परतले, डेम्पोकडे. २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत डेम्पोने देशाची सर्वोच्च लीग पाच वेळा जिंकली. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. त्यांना पुढे द्रोणाचार्य जीवनगौरव पुरस्कार मिळाला. या संघाच्या बचावफळीत गवळींच्या जोडीला समीर नाईक होते. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. डेम्पो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परत आला तेव्हा प्रशिक्षक म्हणून बाकावर होते तेच समीर नाईक. बचावफळीतला एक जण राष्ट्रीय संघाच्या बाकावर, दुसरा आपल्याच जुन्या क्लबच्या.

हे सगळं खरं असलं तरी बचावपटूच चांगला प्रशिक्षक होतो असं समजू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झालेले खालिद जमील मधल्या फळीत खेळायचे. तरीही मागे खेळणाऱ्यांतून इतके प्रशिक्षक निघतात, याला कारण आहे. ते मैदानावरच दिसतं.

आघाडीपटू बराच वेळ गोलकडे तोंड करून असतो किंवा गोलकडे पाठ करून चेंडूची वाट बघतो. त्याच्या पाठीमागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि दिसायची फारशी गरजही नसते. स्टॉपरच्या समोर मात्र अख्खा खेळ पसरलेला असतो, आपले नऊ आणि समोरचे दहा. माळ्यावर बसून राखण करणाऱ्याला शिवार दिसतं तसं. कुणाची जागा सुटली, कोण दमला, कुठल्या बाजूला दोघांवर तिघे चढून येताहेत, हे आधी त्याला कळतं. आणि नुसतं कळून भागत नाही, त्याला ते बोलावं लागतं. 'कव्हर दे', 'लाईन वर घे', 'डावीकडं बघ', 'सोड, माझा आहे'. गप्प राहणारा स्टॉपर कितीही ताकदवान असला तरी संघाला महागात पडतो. वीस वर्षं रोज हे करत आलेल्या माणसाला बाकावर उभं राहून वेगळं काय करायचं असतं? बरंचसं तेच. फक्त आता पाय स्वतःचे नसतात, म्हणून आधी सांगावं लागतं, आणि सांगितलेलं कळलं की नाही ते बघावं लागतं.

जर्मनीचे फ्रान्झ बेकेनबाउअर १९७४ मध्ये कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकले आणि १९९० मध्ये प्रशिक्षक म्हणून. मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने मला त्यांच्यापेक्षा पेर मेर्टेसॅकरचं उदाहरण जवळचं वाटतं. हा उंच, धिप्पाड, वेगाने बेताचा जर्मन स्टॉपर. देशासाठी १०४ सामने, २०१४ चा विश्वचषक. २०१८ मध्ये आर्सेनलकडून खेळणं थांबवलं आणि लगेच त्याच क्लबच्या अकादमीचा प्रमुख झाला. मोठ्या संघाचा प्रशिक्षक होण्याची धावपळ त्याने केली नाही, पोरांच्या शाळेत जाऊन बसला. त्याच वर्षाच्या शेवटी त्या अकादमीतल्या बुकायो साकाने आर्सेनलच्या मुख्य संघातून पहिला सामना खेळला. साका काही त्याने घडवला नाही, तो आधीपासून तिथेच वाढत होता. पण अशी पोरं वाढत राहतील अशी व्यवस्था सांभाळायची जबाबदारी विश्वविजेत्या स्टॉपरने आनंदाने अंगावर घेतली.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा माणूस म्हणजे मुंबईचे नौशाद मूसा. तेही बचावपटू. ते बंगळुरू एफसीच्या राखीव संघाचे प्रशिक्षक होते. राखीव संघ म्हणजे अकादमी आणि मुख्य संघ यांच्यामधली पायरी. अठरा-वीस वर्षांची पोरं तिथे असतात. त्यांना आता मुलं म्हणून कुणी सांभाळत नाही, आणि मोठ्या संघात अजून जागा मिळत नाही. चांगली चांगली पोरं या पायरीवर खेळ सोडून देतात. मूसांनी काम केलं ते याच वयाच्या पोरांबरोबर. २०२१ च्या ड्युरँड करंडकात बंगळुरूने बहुतांश तरुण पोरांचा संघ उतरवला. मूसांच्या हाताखाली तो उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि एफसी गोवाकडून पेनल्टींवर हरला. पुढच्या वर्षी रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग ही तरुणांची स्पर्धा पहिल्यांदाच झाली, ती बंगळुरूने जिंकली आणि त्यामुळे या पोरांना इंग्लंडमध्ये तिथल्या क्लबांच्या तरुण संघांशी खेळायला मिळालं. रोशन सिंग नाओरेम हा आज नावाजलेला साईड बॅक याच राखीव संघातून वर आला.

त्याआधी, जानेवारी २०२१ मध्ये, बंगळुरूच्या मुख्य प्रशिक्षकाला जावं लागलं तेव्हा काही आठवडे मुख्य संघाची धुरा मूसांकडेच होती. नवा माणूस आला आणि ते परत पोरांकडे गेले. नंतर नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक, आणि २०२५ मध्ये भारताच्या २३ वर्षांखालील संघाचे मुख्य प्रशिक्षक. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोह्यात आशियाई पात्रता फेरी झाली. भारताने बहारीनला २-० हरवलं, यजमान कतारकडून १-२ असा पराभव पत्करला आणि ब्रुनेईवर ६-० असा विजय मिळवला. गटात दुसरं येऊनही मुख्य स्पर्धेची जागा थोडक्यात हुकली. मला त्यातला एकाच गोलने हरलेला कतारचा सामना लाखमोलाचा वाटतो, कारण याच वयोगटाच्या पात्रता फेरीत २०१९ साली ताश्कंदला उझबेकिस्तानने आपल्याला ३-० आणि ताजिकिस्तानने २-० असं सहज हरवलं होतं.

त्या २०१९ च्या संघाचे प्रशिक्षकही गोव्याचे जुने बचावपटूच होते, डेरिक परेरा. साळगावकरच्या बचावफळीत त्यांची खेळण्याची वर्षं गेली, ते भारताकडूनही खेळले. पण महाराष्ट्राने त्यांना ओळखावं ते वेगळ्या कारणासाठी. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग आणि त्याच हंगामात फेडरेशन करंडक, दोन्ही जिंकले, ते परेरांच्या हाताखाली. ज्या कंपनीचा कारखाना नाशिककरांना सातपुरात येता-जाता दिसतो, तिचाच हा संघ. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. तोवर परेरा पुणे एफसीत आले होते. त्यांनी त्या संघाला २०१२-१३ मध्ये आय-लीगच्या दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं. काही वर्षांत पुणे एफसीही मिटला. पुढे एफसी गोवामध्ये तांत्रिक संचालक म्हणून त्यांनी काम केलं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये परदेशी प्रशिक्षक हंगाम अर्ध्यावर टाकून दुसऱ्या क्लबकडे गेला तेव्हा उरलेला हंगाम परेरांनीच पार पाडला.

ही कारकीर्द सलग वाचली की महाराष्ट्रातल्या फुटबॉलचं दुखणंही कळतं. महिंद्र गेला, पुणे एफसी गेला, एअर इंडियाचा संघ गेला. एकेका संघाबरोबर तीसेक खेळाडूंची नोकरी आणि शेकडो पोरांचं पुढचं ठिकाण गेलं. त्यातून तगले ते शिकवणारे. एअर इंडियाचे प्रशिक्षक बिमल घोष यांना २०२२ चा द्रोणाचार्य जीवनगौरव मिळाला तो संघ केव्हाच इतिहासजमा झाल्यावर.

आता त्या वडिलांच्या मनातला खरा प्रश्न, पोटाचा. लाडीगोडी न करता सांगतो. भारतात व्यावसायिक फुटबॉलवर घर चालवणारे खेळाडू थोडे आहेत आणि खेळण्याचं वय पस्तिशीच्या आत-बाहेर संपतं. मुलांचा प्रशिक्षक ही नोकरी मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढली, आणि ती कुणाच्या कृपेने नव्हे तर नियमामुळे. आशियाई फुटबॉल महासंघाच्या क्लब परवाना नियमांत प्रत्येक व्यावसायिक क्लबला वयोगटांचे संघ चालवावे लागतात आणि त्यांना परवानाधारक प्रशिक्षक ठेवावे लागतात. म्हणून निवृत्त खेळाडूला आज क्लबमध्ये पहिली जागा सापडते ती बहुधा पोरांच्या संघात. याशिवाय राज्य सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला ठरावीक स्पर्धांतली ठरावीक कामगिरी लागते. केवळ शाळेच्या संघात होता म्हणून ते मिळत नाही.

प्रशिक्षक व्हायची शिडी सगळ्यांना सारखी आहे. आधी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना, मग आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. देशासाठी कितीही सामने खेळलेले असोत, परवान्याशिवाय व्यावसायिक क्लबच्या बाकावर मुख्य म्हणून बसता येत नाही. आणि बसू देऊही नये असं माझं ठाम मत आहे. चांगलं खेळता येणं आणि दहा वर्षांच्या पोराला शिकवता येणं यांचा फारसा संबंध नाही. अंगवळणी पडलेली गोष्ट सुटी करून सांगणं मोठ्या खेळाडूला सर्वांत जड जातं.

एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण तुमच्या मुलाला ते उद्याच उपयोगी पडेल. समोरचा आघाडीपटू चेंडू घेऊन सरळ अंगावर येतोय. न शिकलेला बॅक काय करतो? धावत जातो आणि पाय टाकतो. आघाडीपटू चेंडू हलकेच बाजूला सारतो, बॅक जमिनीवर, आणि मागे एकटा गोलकीपर. शिकलेला बॅक आधी वेगाने अंतर कापतो, पण शेवटच्या तीन-चार पावलांत वेग मारतो आणि दीड-दोन पावलांवर थांबतो. छाती समोर ठेवत नाही, अंग तिरकं करतो. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, वजन पंजांवर. तिरकं उभं राहिल्यामुळे मैदानाच्या मधली बाजू बंद होते आणि टचलाईनकडची मुद्दाम उघडी राहते. ये, तिकडून ये. नजर चेंडूवर. खांद्यांवर किंवा पायांवर नाही, कारण हूल अंगाने देता येते, चेंडूने देता येत नाही. आता तो मागे सरकत राहतो, सरकत राहतो. तेवढ्यात आपला दुसरा गडी परत येतो. आणि कधीतरी आघाडीपटूचा एक स्पर्श जड पडतो, चेंडू त्याच्या पायापासून हातभर सुटतो. पाय टाकायचा तो तेव्हा.

हे पोरांना शिकवताना चांगला प्रशिक्षक आधी पाय टाकायलाच बंदी घालतो. दहा-बारा मीटर लांब आणि पाचेक मीटर रुंद असा पट्टा चुन्याने आखायचा, दोन-दोन पोरं. एकाने चेंडू घेऊन पलीकडे जायचं, दुसऱ्याने फक्त समोर राहून मागे सरकायचं. चेंडू हिसकावला तर उलट आघाडीपटूला गुण. पोरं सुरुवातीला कुरकुरतात, मग त्यांच्या लक्षात येतं की नुसतं समोर राहिल्यानेही समोरच्याचा वेग अर्धा होतो. पाय टाकायची परवानगी नंतर. धीर हा शब्द न उच्चारता त्यांना धीर येतो.

बचावपटूतून झालेल्या प्रशिक्षकाचा मोठा उपयोग इथे आहे, आणि मोठा धोकाही. आपल्या मैदानांवर पिढ्यानपिढ्या बॅकला एकच धडा मिळाला: चेंडू आला की उचलून लांब मार. आठवीत सर्वांत दांडगा दिसतो त्याला मागे उभं करायचं आणि त्याने लाथ घालायची. शालेय सामने याने जिंकता येतात, म्हणून शिक्षकही खूश. पण ते पोर सतराव्या वर्षी बाकीच्यांच्या उंचीत आलं की त्याच्याकडे दाखवायला काही उरत नाही, कारण चेंडू थांबवून, मान वर करून, पास देणं त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. आणि खेळ तर बदलून गेला. १९९२ पासून बॅकने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत नाही. २०१९ पासून गोलकिक आपल्याच पेनल्टी क्षेत्रातल्या सहकाऱ्याला देता येते. या दोन नियमांनी बॅकला पहिला पास देणारा खेळाडू करून टाकलं. ज्याने आयुष्यभर 'आधी चेंडू बाहेर काढ' ऐकलं त्याने पोरांना 'घाबरू नको, चेंडू पायाशी ठेव' असं सांगायचं, आणि त्या नादात गोल खाल्ला तरी पोरावर ओरडायचं नाही, हे फार अवघड आहे. मुलांचा प्रशिक्षक म्हणून कोण लायक आहे हे मी त्या गोल खाल्ल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात ओळखतो.

तेव्हा तुमच्या संघातल्या त्या मुलाला वर्षभर बॅकलाच बांधून ठेवू नका. बारा-तेराव्या वर्षी त्याने सगळ्या जागी खेळावं. एका बाजूला पाच किंवा सात अशा छोट्या मैदानावर खेळवा, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना चार नंबरचा चेंडू द्या, मोठा पाच नंबरचा नको. आणि डोक्याने चेंडू मारायचा सराव या वयात करून घेऊ नका. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगला मनाई आहे, इंग्लंडनेही २०२० पासून प्राथमिक वयाच्या सरावातून ते काढलं. बॅकला खेळणाऱ्या पोरांकडून आपण हे सर्वांत जास्त करून घेतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पुढची वाट शालेय स्पर्धांतूनच जाते. हवाई दलाने १९६० साली सुरू केलेला सुब्रतो करंडक जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत तालुक्यापासून राष्ट्रीय फेरीपर्यंत खेळला जातो, आणि निवड करणारे तिथे येतात. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत राहण्या-शिकण्याची सोय असते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या प्रबोधिनीतून गेला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो आघाडीपटू. पण त्याच चमूत एक मराठी बचावपटूही होता, मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडे. कोल्हापूरच्या मुलामागे शाहू स्टेडियमवरची गर्दी होती, पेठापेठांतले संघ होते. तुमच्या कसमादे पट्ट्यात अशी परंपरा नाही हे मान्य. कांद्याच्या हंगामात पोरं सरावाला येत नाहीत, हेही तुम्ही मला सांगायला नको. पण आठवड्यातून तीन दिवस एक तास आणि शिकवणारा एक माणूस, एवढ्यावर चौदाव्या वर्षापर्यंतचं काम होतं.

तो माणूस तुमच्याच शाळेत असू शकतो. डी परवान्यासाठी मोठा खेळाडू असण्याची अट नाही. महाराष्ट्रात हे वर्ग 'विफा' म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतात आणि चौकशी नाशिक जिल्हा फुटबॉल संघटनेकडे करता येते. काही दिवसांचा वर्ग असतो, अर्धा फळ्यासमोर, अर्धा मैदानावर, आणि शेवटी तुम्हाला स्वतः पोरांचा सराव घेऊन दाखवावा लागतो. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना तो जड जात नाही. रोज साठ मुलांच्या वर्गाला आवरणाऱ्या शिक्षिकेलाही जाणार नाही. तुम्ही स्वतः विचार करा.

आणि ती मुलगी. या वयात तिला मुलांबरोबरच सराव करू द्या, वेगळं काढू नका. सुब्रतोत १७ वर्षांखालील मुलींचा स्वतंत्र गट आहे आणि मुलींचे संघ कमी असल्याने तिथे पुढे जायला वाव जास्त आहे. भारतीय महिलांत १०० आंतरराष्ट्रीय सामने सर्वांत आधी कुणी खेळले असतील तर लोईतोंगबम आशालता देवी हिने, २०२४ मध्ये. मणिपूरची. भारताची कर्णधार राहिलेली. खेळते स्टॉपरला.